ब्रेकव्हॅनमधला अध्याय

(नागपूरच्या सदर भागातल्या एका सभागृहात संध्याकाळच्या संगतीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सर्वांना जय ख्रिस्त. पाळकसाहेबांनी मला विषय दिलाय, 'रोजच्या शास्त्रवाचनातून मी विश्वासाबद्दल काय शिकलो'. शास्त्र म्हणजे आपलं बायबल. वेळ दिलीय 40 मिनिटं. मी 4 गोष्टी लिहून आणल्यात. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. जानेवारीत मोठ्या उत्साहानं पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करून तिसऱ्यात, लेवीयमध्ये, अडकलेले किती जण आहेत? हात वर करा. पाळकसाहेब, तुम्ही जरा खिडकीबाहेर बघा. बरं, अर्धी सभा. म्हणजे मी योग्य ठिकाणी आलोय.

मी रेल्वेत गार्ड होतो, मालगाडीचा. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण माझ्या वेळी ड्युटीचा निरोप आणणारा कॉलबॉय दारात येऊन 'गार्डसाहेब, कॉल आहे' असंच ओरडायचा. 1979 ते 2014, बहुतेक सगळी नोकरी नागपूर, गोंदिया, डोंगरगड याच पट्ट्यात गेली. इतवारी सोडलं की कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगड आणि पुढे राजनांदगाव. झोपेत विचारलं तरी सांगेन.

या मार्गाचा मला अभिमान आहे आणि त्याचं कारण रेल्वेचं नाही. 1893 साली रेव्हरंड टिळक, म्हणजे तेव्हाचे नारायण वामन टिळक, याच मार्गानं नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी गप्पा झाल्या, कवितेवर झाल्या, आणि उतरताना त्या गृहस्थानं त्यांच्या हातात नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा दुसरा भाग, ठेवला. वाचीन म्हणून टिळकांनी शब्द दिला आणि तो पाळला. येशूच्या पर्वतावरच्या प्रवचनाशी पोहोचले आणि तिथून त्यांना हलता येईना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण उपासनेत ज्यांची भजनं म्हणतो त्या माणसाची सुरुवात आपल्या या रुळांवर झाली. मी त्या पट्ट्यात शेकडो फेऱ्या केल्या असतील आणि राजनांदगाव जवळ आलं की प्रत्येक वेळी ते मनात यायचं. यात मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं, सांगू? त्या गृहस्थानं निवडक वचनं कागदावर उतरवून दिली नाहीत. अख्खं पुस्तक दिलं. त्यातलं पहिलं पुस्तक, मत्तय, उघडलं की आधी वंशावळ लागते. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, हे सगळं ओलांडून माणूस पाचव्या अध्यायात डोंगरावर पोहोचतो.

मला आज खरं म्हणजे एवढंच सांगायचंय. शास्त्र रोज वाचा, थोडं वाचा आणि क्रमानं वाचा. मधलं गाळू नका.

ही शिस्त माझी नाही, बाबांची. बाबा अजनीच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. त्यांचा नियम होता, दिवसाला 1 अध्याय. जास्त नाही, कमी नाही. बायबलात 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे एक फेरी पुरी व्हायला सव्वातीन वर्षं. शेजारचे काका म्हणायचे, अहो, रोज 3 आणि रविवारी 5 वाचले की वर्षात संपतं. बाबा म्हणायचे, "संपवायची घाई कशाला? जेवण संपवायला बसतो का आपण?" 29 नोव्हेंबर 1970 ला इथे ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये 6 चर्चसंस्था एकत्र येऊन आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. मी 14 वर्षांचा होतो. गावभर पाहुणे, घरात पहाटेपासून धावपळ, आईचा आवाज चढलेला. बाबा मात्र कोपऱ्यातल्या पेटीवर बसून बोटानं ओळ धरून त्या दिवसाचा अध्याय वाचत होते. कुठला होता ते आठवत नाही. ओळीवरून सरकणारं बोट आठवतं, नखात अडकलेल्या काळ्या ग्रीससकट.

मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी मला रेक्झिनच्या वेष्टणाचं मराठी पवित्र शास्त्र दिलं. तेच हे. हिरवी खूण दिसतेय ना, ती हिरव्या झेंडीची चिंधी आहे. झेंडी फाटली होती, तिची पट्टी कापून घेतली. माझ्या लाइन बॉक्समध्ये, म्हणजे ड्युटीच्या पेटीत, झेंड्या, रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके आणि हातबत्ती यांच्याबरोबर 35 वर्षं हे पुस्तक फिरलंय. मालगाडीची ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा शेवटचा डबा, ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, माझ्या काळी तिच्यात ना दिवा ना पंखा. मेमध्ये लोखंडाला हात लावता यायचा नाही. गाडी चालू असताना वाचणं अशक्य, अक्षरं उड्या मारतात. वाचायचं ते गाडी उभी असताना. आणि मालगाडी उभी फार राहते. मागून मेल आली, टाक गुड्स लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर. एक्स्प्रेस आली, टाक लूपमध्ये. म्हणजे माझं निम्मं शास्त्र लूप लाइनमध्ये वाचून झालंय.

आता ती रात्र सांगतो. पाळकसाहेब, घड्याळ बघू नका, हीच मुख्य गोष्ट आहे.

ऑगस्ट महिना होता, साल 1988. माझी धाकटी 4 वर्षांची. दुपारी कॉल आला तेव्हा ती 103 तापात होती, डोळे उघडत नव्हती. बायको म्हणाली, "जा तुम्ही, मी आणि आई नेतो दवाखान्यात." गेलो. बदली माणूस नव्हता. गोंदियाच्या पुढे आम्हाला लूपमध्ये घेतलं. पुढे रुळांवर पाणी आलं होतं. 1 तास गेला, 2 गेले. मोबाइल कुठला! दोन्हीकडे जंगल, पाऊस असा की इंजिन दिसेना, आणि सिग्नलचा तो लाल ठिपका तेवढा भिजत उभा.

पेटी उघडली. आमच्या हातबत्तीला तीन काचा असायच्या, लाल, हिरवी आणि पांढरी. पांढरी पुढे घेतली, बत्ती गुडघ्यांत धरली आणि पुस्तक उघडलं. खूण होती गणनावर, बायबलच्या चौथ्या पुस्तकावर, अध्याय 9. खरं सांगतो, मला तो नको होता. मला 23वं स्तोत्र हवं होतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.' पानं उलटायला घेतलीसुद्धा. पण बाबांचा नियम हातात इतका मुरलेला की बोट परत चिंधीवर आलं. म्हटलं, आधी आजचा, मग तो.

गणनाच्या नवव्या अध्यायात निवासमंडपावरच्या, म्हणजे देवाच्या तंबूवरच्या, मेघाची हकिगत आहे. इस्राएल लोक रानात आहेत. मेघ निवासमंडपावरून वर गेला की त्यांनी कूच करायचं. मेघ थांबला की त्यांनी तळ द्यायचा. पुढे लिहिलंय की मेघ दोन दिवस राहो, महिनाभर राहो की वर्षभर राहो, तो हलत नाही तोवर ते तळ हलवत नसत. वर्षभर! तेच तेच वाक्य फिरून फिरून येतं. परमेश्वराच्या आज्ञेवरून ते तळ देत, परमेश्वराच्या आज्ञेवरून कूच करत. नेहमी या अध्यायावरून लोकांची नजर भरभर सरकते. त्या रात्री माझी सरकली नाही. मी गार्ड आहे हो! सिग्नलशिवाय गाडी हलवायची नाही, ही माझी रोजीरोटी. मी मान वर करून त्या लाल ठिपक्याकडे बघितलं आणि मला वाटलं, हा अध्याय लिहिणाऱ्याला लूप लाइन माहीत होती.

तोपर्यंत माझी समजूत अशी की देव सोबत असला की गाडी पुढे जाते. थांबली तर कुठेतरी बिघाड आहे, माझ्यात नाहीतर त्याच्यात. इथे तर मेघ, म्हणजे देवाची प्रत्यक्ष हजेरी, तळावर उभी आहे, आणि म्हणूनच लोक थांबलेत. तो निघून गेलाय म्हणून थांबलेले नाहीत. मी रडलो. ड्रायव्हर मधे छत्री घेऊन मागे आला, म्हणाला, "काय वाचून राहिले, साहेब, एवढ्या अंधारात?" मी त्याला ते वर्षभराचं वाचून दाखवलं. तो हिंदू माणूस, पांडुरंगाचा भक्त, डबा उघडून माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "आपल्याला तर आत्ताशी 3 तासच झालेत." आम्ही दोघांनी भाकर आणि ठेचा खाल्ला. 23वं स्तोत्र वाचायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी घरी पोहोचलो. पोरगी गादीवर बसून संत्र्याची गोळी चोखत होती. ताप उतरला होता. पण ऐका, मी हे चमत्कार म्हणून सांगत नाही. तिचा ताप मी गणना वाचलं म्हणून उतरला नाही. हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, तर पुढे तिची आई आजारी पडली. त्या वेळी ताप नव्हता, गाठ होती. ती 14 महिने होती आणि मग गेली. ज्या आठवड्यात डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हटलं, त्या आठवड्यात माझी खूण 88व्या स्तोत्रावर होती. आहे कोणाला पाठ? कोणाला नसेल, कारण ते कॅलेंडरवर छापत नाहीत. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं काहीतरी येतं. 88वं वळत नाही. ते काळोखावर संपतं. मी तिच्या उशाशी ते मोठ्यानं वाचलं. वाटलं, चुकलो, तिला कशाला ऐकवलं. ती म्हणाली, "असंही म्हणता येतं का देवाला?" आणि मला परत वाचायला लावलं. मी निवडून वाचत असतो तर त्या दिवशी ते पान नक्कीच उघडलं नसतं.

झाली वाटतं वेळ. 10 मिनिटं? बरं. मग त्या 4 गोष्टी भरभर सांगतो.

पहिली, मान्ना, म्हणजे रानात देवानं इस्राएल लोकांना दिलेलं अन्न. निर्गम 16. रोज सकाळी वेचायचा, माणशी 1 ओमर, म्हणजे ठरलेलं माप. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यात किडे पडले आणि तो नासला. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट घ्यायचा, तो मात्र टिकायचा. एकदा माझं महिनाभर वाचन सुटलं आणि एका रविवारी मी 30 अध्याय सलग वाचून हिशेब पुरा केला. त्यातलं एक अक्षर टिकलं नाही. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' आहे, तिथला 'आज' माझ्या तेव्हा ध्यानात आला. सुटलं तर सुटलं, खूण आहे तिथून पुढे चला.

दुसरी गोष्ट यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अध्याय 29. आणि इथे माझी तक्रार आहे. 11वं वचन आपण सगळे एकमेकांना पाठवतो, सूर्योदयाच्या चित्रावर, निकालाच्या दिवशी, मुलीच्या स्थळासाठी. देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत. खरंच आहे ते. पण त्याच्या वरचं 10वं वचन कोणी पाठवत नाही. तिथे 70 वर्षं लिहिलीत. ते पत्र बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना आहे. त्यातले बहुतेक परत येणारच नव्हते. त्यांना सांगितलंय घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. मुलाला नोकरी लागेना तेव्हा मला हे वचन 11 जणांनी पाठवलं. त्यांच्या प्रेमाबद्दल मी आभारीच आहे. पण मला धीर दिला तो 5व्या वचनातल्या बागेनं. मी अंगणात कढीपत्ता आणि लिंबू लावलं.

तिसरी, ते लेवीय. हात वर केलेल्यांनी ऐका. 19व्या अध्यायात लिहिलंय, पीक कापताना शेताचे कोपरे सोडा, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला ठेवा. पुढे रूथ नावाची परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते तो याच नियमावर, आणि तिच्या वंशात दावीद, त्याच्या वंशात आपला प्रभू. लेवीय गाळलं तर रूथला शेतात शिरू कोणी दिलं हे कळतच नाही.

चौथी, एलीया संदेष्टा. 1 राजे, अध्याय 19. रतामाच्या झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा गडू उशाशी ठेवतो. तो खातो, परत झोपतो. देवदूत परत उठवून खाऊ घालतो. आपल्या विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर रोडगे भाजतात, त्यांचा वास मला तिथे येतो. बायको गेल्यावर शेजारणीनं 15 दिवस डबा पाठवला आणि एक शब्द बोलली नाही. तिला बायबल माहीत नाही. पण तो अध्याय मला तिच्यामुळे समजला.

चहा आलाय, आलुबोंडे गार होतील, थांबतो. माझी चौदावी फेरी चालू आहे. आज सकाळी यहेज्केल 39 झाला. उद्या 40, म्हणजे मंदिराची मापं सुरू. हातात सुतळी आणि मापाची काठी घेतलेला एक पुरुष दारात उभा आहे, काठी 6 हातांची, आणि तो एकेक उंबरठा मोजत जातो. 13 वेळा वाचलाय, अजून उलगडलेला नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी साडेपाचला माझ्या घरी या. अंगणात खुर्च्या टाकतो.