कून रॅपिड्सचे गार्स्ट

(दृश्य: जुनं कृष्णधवल चित्रण. शेत, गर्दी, धूळ.)

23 सप्टेंबर 1959. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं कून रॅपिड्स हे छोटंसं गाव. शेकडो पत्रकार आणि छायाचित्रकार एका शेतावर तुटून पडलेत. शेताचे मालक रॉस्वेल गार्स्ट यांचा पारा चढलाय. मुरघासाचे, म्हणजे गुरांसाठी मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचे, मूठमूठ गोळे उचलून ते गर्दीवर फेकतायत. न्यूयॉर्क टाइम्सच्या हॅरिसन सॅलिसबरी यांच्या नडगीवर तर एक लाथही बसली. हे बघून शेजारचा गोल चेहऱ्याचा पाहुणा मनापासून हसतोय. हे पाहुणे म्हणजे सोव्हिएत संघाचे पंतप्रधान निकिता ख्रुश्चेव्ह.

शीतयुद्धाच्या ऐन काळात मॉस्कोचा सर्वात मोठा नेता एका शेतकऱ्याच्या घरी जेवायला आला कसा? सगळं सुरू झालं बियाण्यापासून.

(दृश्य: मक्याच्या ओळी, कॅमेरा जमिनीलगत.)

गार्स्ट कुटुंब गावातलं बडं प्रस्थ. वडिलांचं दुकान होतं, काका वॉरन गार्स्ट राज्याचे गव्हर्नर होऊन गेलेले. रॉस्वेल मात्र डे मॉइन शहरात जमिनींचे व्यवहार करत होते. तिथे त्यांची ओळख झाली हेन्री वॉलेस यांच्याशी. शेतकी साप्ताहिकाचे संपादक, मक्याच्या संकरात बुडालेले आणि पुढे थेट अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष. वॉलेस यांनी 1926 मध्ये संकरित बियाण्याची कंपनी काढली. रॉस्वेल 1930 मध्ये पत्नी एलिझाबेथ आणि मुलांसह गावी परतले आणि तेच बियाणं तयार करून विकू लागले.

वेळ मात्र भलतीच निवडली होती. महामंदीत मक्याचा भाव इतका कोसळला की आयोवात लोक कोळशाऐवजी शेगडीत मका जाळत. अशा माणसाला कोण सांगणार, की घरचं बी सोड आणि दरवर्षी पैसे मोजून विकत घे? रॉस्वेल यांनी तोड काढली. बियाणं आधी न्या, तुमच्या बियाण्याशेजारी पेरा, जेवढं जास्त पिकेल त्यातला अर्धा हिस्सा मला द्या. पिकलं नाही तर देणं नाही. पुढे 1934 आणि 1936 चे दुष्काळ आले. जुन्या वाणाचा मका आडवा झाला, शेजारचा संकरित उभा राहिला. बांधावरून दिसणारा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

(दृश्य: पहाट, ओली पानं, तुरा उपटणारे हात.)

हे बियाणं बनवायचं काम किचकट. शेतात दोन वाणांच्या ओळी. मादी ओळीतल्या प्रत्येक ताटाचा तुरा परागकण सांडायच्या आत उपटायचा, म्हणजे कणसाला पराग मिळेल तो फक्त शेजारच्या नर ओळीचा. एक तुरा राहून गेला तरी आजूबाजूच्या कणसांत भेसळ. जुलैत शाळांना सुट्टी, तेव्हा गावातली पोरं-पोरी या कामावर. सकाळी दवाने कपडे चिंब, दुपारी तेच अंगावर वाळलेले, आणि पानांच्या धारेने हातांवर ओरखडे. जालना, देऊळगाव राजाकडे सीड प्लॉट, म्हणजे कंपन्यांसाठी बियाण्याचं पीक, घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य: रशियातली सामूहिक शेती.)

1955 साली डे मॉइन रजिस्टर या वर्तमानपत्राच्या अग्रलेखात लॉरेन सोथ यांनी सोव्हिएत शेतकऱ्यांना आयोवा बघायला बोलावलं. त्या लेखाला पुढे पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, पण खरी गंमत म्हणजे मॉस्कोने आमंत्रण चक्क स्वीकारलं. सोव्हिएत शिष्टमंडळ आलं, तेव्हा ठरलेल्या कार्यक्रमात नसतानाही रॉस्वेल यांनी त्यांच्या प्रमुखाला आपल्या शेतावर आणलं. त्याच वर्षी ते स्वतः रशियात गेले, ख्रुश्चेव्हना भेटले आणि हजारो टन बियाणं विकून आले.

त्यांचं गणित सोपं होतं. उपाशी माणूस धोकादायक, मग तो कुठल्याही विचारसरणीचा असो. आणि पोट भरायचं तर बियाणं लागणारच. यात शांतता किती आणि धंदा किती, हे वेगळं काढायच्या फंदात ते पडले नाहीत. आपणही पडू नये. एकदा तर सोव्हिएत शेतावर खताशिवाय मका पेरताना पाहून त्यांनी तिथल्या लोकांना तिथेच फैलावर घेतलं. परदेशी पाहुणा आणि एवढी बडबड! पण ख्रुश्चेव्हना हा माणूस आवडला तो यासाठीच. एका दौऱ्यात एलिझाबेथही सोबत होत्या, आणि ही ओळख दोन घरांची झाली.

म्हणूनच 1959 ला पाहुण्यांबरोबर पत्नी नीना आणि मुलंही आली. अंगणात तंबू ठोकलेला, पंगतीला दोनदा अध्यक्षपदाची निवडणूक हरलेले ॲडलाय स्टीव्हन्सन. शेतात सैनिकांचा पहारा, आणि यजमानीण म्हणून एलिझाबेथ. त्या दिवसाच्या छायाचित्रांत सगळे बघतात ते दोन पुरुषांकडे. इतक्या लोकांचं जेवण वेळेवर पानात पडलं, त्याचं श्रेय कुणी फारसं विचारत नाही.

मक्याने ख्रुश्चेव्हना हात मात्र दिला नाही. जिथे उन्हाळा तोकडा, थंडी लवकर, तिथेही हुकमाने मका पेरला गेला आणि फसला. 1964 मध्ये त्यांची सत्ता गेली. रॉस्वेल 1977 मध्ये वारले. बियाण्याची कंपनी हात बदलत सिंजेंटा या बहुराष्ट्रीय बियाणं कंपनीकडे पोचली.

(दृश्य: आजचं कून रॅपिड्स. नदी, ओकची झाडं, पायवाट.)

जमीन मात्र कुटुंबाने विकली नाही. नातवंडांच्या पिढीत, 2004 पासून, मिडल रकून नदीकाठची ही जमीन व्हाइटरॉक कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे आली. आज तिचा विस्तार सुमारे 5,500 एकर. काही भागात शेती आणि गुरं आहेत, पण उतारावर ओकची झाडं आणि मूळचं गवत परत आणायचं काम चालतं, लोक फिरायला येतात. आजोबांचा सगळा भरवसा रासायनिक खतावर आणि जास्तीत जास्त मक्यावर. त्यांना हे रुचलं असतं का, यावर वाद घालता येईल. 2009 मध्ये, भेटीला 50 वर्षं झाली तेव्हा ख्रुश्चेव्ह यांचे चिरंजीव सर्गेई पुन्हा आयोवात आले. तोपर्यंत त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्वही घेतलेलं होतं.