बावखलावरचा क्रूस

(ईस्टरआधीच्या उपवासकाळात वसईत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

फादर, सिस्टर आणि मंडळी, पुढच्या दोन रांगा रिकाम्याच आहेत. असू द्या. कॅथलिक माणूस मागे बसतो, हा नियम आपण आज मोडायला नको.

विषय दिलाय ‘रोजच्या जगण्यातून ख्रिस्ताची साक्ष’. मी तीन मुद्दे लिहून आणलेत. पण आधी मनातला एक सल बोलू द्या.

आमच्या आळीत बावखल होतं. बावखल काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, वसईबाहेरून आलेल्या सुनांसाठी सांगतो. (तळकोकणातले आपल्याला कोकणात धरत नाहीत, पण तिथल्या मुली करतात आपल्या पोरांशी लग्न!) वाडीतलं खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, म्हणून दर्या जवळ असूनही विहीर गोडी राहते. बावखल बुजलं आणि उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. मग केळी, पानवेली, मोगरा, सगळ्यांवर संक्रांत.

तर एका रात्री डंपर आले, बावखल भरलं. सकाळी लोक बोलायला जातात तो भरावावर पांढरा क्रूस उभा! झेंडूची माळ घातलेला. आता तक्रार कोण करणार? क्रूस काढायला लावणार? मे महिन्यात तिथे लितानी, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटले. मी घेतले नाहीत, दातांचं निमित्त सांगितलं. भराव घालणारे गृहस्थ दर रविवारी पहिल्या रांगेत असतात. आज आलेले दिसत नाहीत. रांग रिकामी का, ते आत्ता कळलं.

शेजारच्या म्हातारीकडे टँकरवाला तिच्या विहिरीच्या पाण्यासाठी खेपा घालायचा, पैसे वाढवायचा. ती म्हणायची, “हंडा आण, फुकट नेऊ शकतोस. टँकर नको.” आळीत कुणाच्याही हंड्याला तिने कधी जात विचारली नाही. ती धर्मावर बोललेली मात्र मी कधी ऐकली नाही. ‘हरित वसई’ आंदोलनाच्या दिवसांत आपले लेखक-धर्मगुरू फादर दिब्रिटो पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा ‘फादरांनी मिस्सा (चर्चमधली उपासना) करावा, हे कशाला?’ म्हणणारे आपल्यातलेच होते. तीच माणसं पुढे २०२० साली ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले म्हणून हारतुरे घेऊन पुढे!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, तीन मुद्दे पळवतो.

पहिला. बायबलमध्ये मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सांगतो, तुमचा प्रकाश लोकांना दिसू द्या. सहाव्यात, लोकांनी पाहावं म्हणून धर्म करू नका. विरोध नाही. सत्कृत्यं दिसावीत, आपण मिरवू नये. त्या क्रूसाने नेमकं उलटं केलं.

दुसरा. आपला संत गोन्सालो गार्सिया, वसईचा. जपानमध्ये आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संन्यासी-संघाचा बंधू झाला, दुभाष्याचं काम केलं. १५९७ साली नागासाकीत क्रूसावर गेला, १८६२ मध्ये संत झाला. पुरोहित तो कधीच नव्हता. तेव्हा ‘साक्ष हे फादरांचं काम’ ही पळवाट निदान वसईकराला बंद आहे. पोप पॉल सहावे १९७५ साली हेच म्हणाले: आजचा माणूस शिक्षकापेक्षा साक्षीदाराचं जास्त ऐकतो.

तिसरा, मापाचा. लूकच्या शुभवर्तमानात माप ‘दाबून, हालवून’, म्हणजे भरभरून येतं, आणि आपली भाजीची जुडी? वर कोवळी, आत जून. दादरच्या बाजारात गिऱ्हाईक ती सोडून बघतं तेव्हा... फादर उभे राहिले. उरलेली जुडी बाहेर सोडू, चहाबरोबर.