पुसण्याची किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

बेरीज करायला कमीत कमी किती ऊर्जा लागते? प्रश्न पोरकट वाटेल, पण जॉन फॉन नॉयमन यांच्यासारख्या गणितज्ञानेही तो मनावर घेतला होता. गणनेच्या प्रत्येक पायरीला थोडी ऊर्जा खर्ची पडणारच, असं त्यांचं मत. १९६१ साली आयबीएममधले रॉल्फ लँडॉअर म्हणाले, खर्च गणिताचा नाही, पुसण्याचा आहे.

संगणकातलं 'अँड' गेट घ्या. दोन बिट, म्हणजे ० किंवा १ असे दोन अंक, आत जातात, एकच बाहेर येतो. दोन्ही १ असतील तरच उत्तर १. समजा, उत्तर ० आलं. मग आत काय गेलं होतं? दोन्ही शून्य, की एकच? आता कळायला मार्ग नाही. निसर्गाच्या मूळ नियमांत मात्र असं काही गायब होत नाही, त्यामुळे गेटने विसरलेलं भोवतालच्या अणूंच्या धडपडीत उतरतं. तीच उष्णता.

किती? आपल्या खोलीतल्या तापमानाला एका बिटामागे किमान सुमारे ३ झेप्टोज्यूल. दशांश चिन्हानंतर वीस शून्यं मांडा आणि मग ३, एवढे ज्यूल!

इतकं इवलंसं मोजणार कोण? २०१२ साली फ्रान्समधल्या लियाँ इथे ते मोजलं गेलं. पाण्यात दोन मायक्रॉनचा काचेचा मणी, आणि लेझरने केलेले दोन खळगे. डावीकडे ०, उजवीकडे १. मणी कुठेही असो, त्याला ठरलेल्या एकाच खळग्यात आणायचं, म्हणजे झालं पुसून. घाई केली की उष्णता जास्त. सावकाश केलं, तसतशी ती लँडॉअर यांच्या आकड्याजवळ येत गेली, पण सरासरी त्याखाली उतरली नाही. मला हा प्रयोग फार आवडतो. एका थरथरत्या मण्याने पन्नास वर्षांचा वाद निकालात काढावा!

आपल्या चिप मात्र या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत. विद्युतदाब फार उतरवला तर अणूंच्या थरथरीत ० आणि १ ओळखूच येत नाहीत, शिवाय तारांमधून विद्युतभार ढकलण्यातही वीज जाते. त्यामुळे डेटा सेंटरच्या बिलाचं खापर लँडॉअर यांच्यावर फोडू नका.

पुसलंच नाही तर? १९७३ साली आयबीएममधल्याच चार्ल्स बेनेट यांनी ती वाट दाखवली: मधली सगळी टिपणं ठेवायची, उत्तराची प्रत काढायची आणि तेच गणित उलट चालवत टिपणं मोडायची. तत्त्वतः ऊर्जाखर्च हवा तितका कमी करता येतो. फक्त त्याला जागा जास्त लागते, आणि घाई अजिबात चालत नाही.