थॅडियस स्टीव्हन्स : एक हट्टी म्हातारा

मंडळी, जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. त्यातलं लिंकनचं नाव आपल्याला पाठ असतं. मी आज बोलणार आहे ते गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या थॅडियस स्टीव्हन्स या अमेरिकी पुढाऱ्याबद्दल.

जन्म १७९२ चा, व्हरमाँटमधला. एक पाय जन्मतःच वाकडा. बाप घर सोडून गेला, आईनं काबाडकष्ट करून शिकवलं. पुढे पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला वकिली आणि मग राज्याच्या विधिमंडळात. तिथे १८३४ मध्ये मोफत शाळांचा कायदा झाला आणि वर्षभरातच तो रद्द करा म्हणून ओरड सुरू झाली. दुसऱ्यांच्या पोरांसाठी आम्ही कर का भरायचा? (लिफ्टच्या खर्चाचा विषय निघाला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये तळमजलेवाले हेच म्हणतात!) राज्याच्या सिनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, कायदा रद्द करून टाकलाच होता, स्टीव्हन्सचे स्वतःचे मतदारही त्याच बाजूचे. तरी हा उठला. त्याचं म्हणणं असं, की तुरुंगासाठी, फौजदारी कोर्टांसाठी कर भरताच ना? त्याचा तुम्हाला स्वतःला काय उपयोग? त्या भाषणानं सभागृह फिरलं. शाळा वाचल्या.

गुलामगिरीवरून अमेरिकेची उत्तर आणि दक्षिण राज्यं एकमेकांशी लढली, त्या यादवी युद्धात तो वॉशिंग्टनला देशाच्या प्रतिनिधीगृहात होता, सरकारी तिजोरीचा विषय ज्या समितीकडे, तिचा अध्यक्ष. दक्षिणेच्या फौजेनं १८६३ मध्ये त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला. युद्ध संपल्यावर त्यानं मागणी केली, की बड्या गुलाममालकांच्या जमिनी जप्त करा आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या. सातबारा कुणाच्या नावावर, यानं काय फरक पडतो ते तुम्हाला मी काय सांगणार! पण ते काही झालं नाही, त्याच्या पक्षातच अनेकांना ते झेपलं नाही.

मग १८६६ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली. तिच्यात मुक्त झालेल्या काळ्यांना नागरिकत्व होतं, कायद्याचं समान संरक्षण होतं. मताचा हक्क मात्र सरळ दिलेला नव्हता. हा इतका हट्टी माणूस, तरी त्यानं तिला मत दिलं. असलं अर्धवट का स्वीकारतोस, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं : मी देवदूतांत राहत नाही, माणसांत राहतो.

लिंकननंतरचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन याला पदावरून काढण्यासाठी चाललेल्या महाभियोगाच्या वेळी, १८६८ मध्ये, तो इतका थकला होता की दोन तरुण त्याला खुर्चीत बसवून उचलून न्यायचे. ‘पोरांनो, तुम्ही मेल्यावर माझं कसं व्हायचं?’ असं तो त्यांना म्हणाला, असं सांगतात. जॉन्सन एका मतानं वाचला. त्याच ऑगस्टमध्ये स्टीव्हन्स गेला.

पण पुरायचं कुठे, हे त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या लँकेस्टर गावातल्या इतर दफनभूमींच्या नियमांत काळ्यांना जागा नव्हती, म्हणून त्यानं बाजूची एक लहानशी दफनभूमी निवडली. कारणही दगडावर कोरवून घेतलं. मला एकांताची आवड आहे असं नाही, पण बाकीच्या ठिकाणी वंशाची अट आहे, म्हणून मी इथे आहे.