दोन्हीकडे लीगल आहे, पण मधे पोस्ट आहे

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेत, काही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, काहींचं ग्रीन कार्ड झालंय, आणि आजचा विषय तुमच्यासाठीच आहे, अमेरिकन नागरिकांसाठी तितका नाही. वीड, म्हणजे गांजा, पोस्टाने पाठवलं तर काय होतं. घरी आईबाबांशी हे बोलता येत नाही म्हणून इथे स्पष्ट बोलूया.

बे एरियातल्या मुलाला वाटतं, मी दुकानात आयडी दाखवून रीतसर घेतलंय, कॅलिफोर्नियात २०१८ पासून दुकानं चालू आहेत, मित्र एडिसनला आहे, न्यू जर्सीतही एप्रिल २०२२ पासून विक्री सुरू झाली, मग वाढदिवसाला गमीजची, म्हणजे गांजा घातलेल्या जेलीच्या गोळ्यांची, दोन पाकिटं पाठवली तर बिघडलं कुठे? अहो, पोस्ट फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं आहे. राज्याने काय परवानगी दिली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फेडरल कायद्यात तो गुन्हा आहे, अगदी कॅलिफोर्नियातल्या कॅलिफोर्नियात, सॅन होजेहून फ्रीमाँटला पाठवलंत तरी.

शिक्षा सांगते. ५० किलोच्या आतलं वाटप म्हणजे ५ वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, शिवाय गुन्ह्यासाठी टपाल वापरलं म्हणून वेगळं कलम लागतं, त्याची कमाल ४ वर्षं. थोडंसं आणि फुकट दिलं असेल तर साध्या बाळगण्यासारखं धरायची सोय कायद्यात आहे, पण ती मिळेपर्यंत केस तर उभी राहतेच ना.

मुलं म्हणतात, सीलबंद पार्सल वॉरंटशिवाय उघडता येत नाही. बरोबर, फर्स्ट क्लास आणि प्रायॉरिटी मेलला ते संरक्षण आहे, सुप्रीम कोर्टाने १८७८ मध्येच सांगितलंय. पण संशय आला तर वॉरंट आणेपर्यंत पार्सल रोखून ठेवता येतं, हेही त्याच कोर्टाने १९७० मध्ये मान्य केलं, आणि कुत्र्याने बाहेरून हुंगायला वॉरंट लागतच नाही. खाजगी कुरिअरवाले तर स्वतःच्या अटींनुसार खोका उघडतात आणि पोलिसांना फोन करतात. खोटा रिटर्न अॅड्रेस टाकून फायदा शून्य, उलट मुद्दाम लपवलं हे सिद्ध करायला तो कामी येतो.

मग होतं काय, तर पार्सल जप्त न करता पोचवतात. पोस्टमनच्या वेशात इन्स्पेक्टर येतो, तुम्ही सही करून घेता, कधीकधी आत एक छोटं यंत्र असतं, खोका उघडला की बाहेर सिग्नल जातो, आणि पुढच्या काही मिनिटांत दारावर थाप पडते. वॉरंट आधीच तयार असतं.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. डिपोर्टेशनच्या, म्हणजे देशाबाहेर काढण्याच्या कायद्यात एक छोटी सूट आहे, फक्त एकदा, स्वतःसाठी, ३० ग्रॅमपर्यंत बाळगल्याचा गुन्हा असेल तर. मित्राला पाठवलेलं स्वतःसाठी कसं ठरणार? पाठवल्याक्षणी तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर जाऊ शकता, मग ग्रॅम कितीही असोत.

होझे पाडिया नावाच्या माणसाचं बघा. होंडुरासचा, ग्रीन कार्डवर चाळीसहून जास्त वर्षं इथे राहिलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेसाठी लढलेला. केंटकीत त्याच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. वकील म्हणाला इतकी वर्षं इथे आहेस, इमिग्रेशनची चिंता नको, म्हणून त्याने गुन्हा कबूल केला आणि डिपोर्टेशन मागे लागलं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कबुलीचे हे परिणाम अशिलाला सांगणं वकिलाचं कामच आहे. त्याचा माल खूप मोठा होता हे खरं, पण ‘इतकी वर्षं इथे आहोत’ याने कोणी वाचत नाही हे त्यातून दिसतं.

तेव्हा कोणी दारात आलं तर नम्रपणे सांगा, मी वकिलाशिवाय बोलणार नाही. तो हक्क व्हिसावरच्या माणसालाही आहे. ‘माझंच आहे, थोडंसंच होतं’ असं घाबरून बोलून टाकू नका, कारण इमिग्रेशनमध्ये शिक्षा झाली नसली तरी नुसती कबुलीसुद्धा तुमच्या विरोधात धरली जाऊ शकते, मग ती एअरपोर्टवरच्या ऑफिसरसमोर दिलेली का असेना. आणि क्रिमिनल वकील कितीही चांगला असला, ‘किरकोळ आहे, सही करून मोकळे व्हा’ म्हणाला, तरी सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला ते कागद दाखवा, फीचा विचार नंतर.