हायपेशियाचं गणित

नमस्कार श्रोतेहो! हायपेशिया म्हणजे इजिप्तमधल्या प्राचीन अलेक्झांड्रियाची गणिती आणि तत्त्वज्ञ. तिचं नाव निघालं की लोक लगेच तिच्या मरणावर येतात, इ.स. ४१५ चा मार्च, अलेक्झांड्रियाचा रस्ता, तिला गाडीतून खाली ओढणारा जमाव... मला मात्र आज तिचं गणित सांगायचंय, कारण ते नेहमीच मागे पडतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

तिचे वडील थिऑन हेही गणिती. त्यांनी टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट' या खगोलशास्त्राच्या ग्रंथावर टीका, म्हणजे समजावून सांगणारं भाष्य लिहिलं आणि त्याच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला चक्क नोंदवून ठेवलं की ही प्रत माझी मुलगी, तत्त्वज्ञ हायपेशिया हिने तपासलीय. त्या काळात! बापाबद्दल फार आदर वाटतो मला.

हा तिसरा भाग सूर्याच्या गतीचा. वर्ष धरायचं ३६५ दिवस ५ तास ५५ मिनिटं १२ सेकंदांचं आणि सूर्याच्या पूर्ण फेरीच्या ३६० अंशांना त्याने भागायचं, तेही साठ-साठच्या हिशोबात, अंश मग कला मग विकला आणि त्याच्याही खाली खाली जात. उत्तर येतं रोजच्या ५९ कला ८ विकला आणि वर थोडंसं, आपल्याकडे पंचांगाचं गणित करणाऱ्यांना हा आकडा पाठ असेल, रवीची मध्यम गती ती हीच! या भागात भागाकार कोष्टक मांडून केलाय, टीकेच्या आधीच्या भागातल्यापेक्षा वेगळ्या रीतीने, आणि काही अभ्यासकांना तिथे हायपेशियाचाच हात दिसतो. मलाही ते पटतं.

शिकवायचीही ती. सिनेसियस नावाचा तिचा शिष्य पुढे बिशप झाला, त्याची तिला लिहिलेली पत्रं आजही वाचायला मिळतात. एका पत्रात तो तिच्याकडे एक यंत्र मागतो, बासरीएवढी नळी, अंगावर खुणा, खाली वजन, म्हणजे द्रवात ती उभी तरंगते आणि खुणा मोजून द्रव किती जड ते कळतं, डेअरीत दूध तपासायचा लॅक्टोमीटर असतो ना, अगदी तसंच. आणि शेवटी आजारपणात अंथरुणातून लिहिताना तो तिला आई, बहीण, गुरू म्हणतो.

नंतर सुभेदार ओरेस्टीस आणि बिशप सिरिल यांच्या भांडणात तिचा बळी गेला. ती ओरेस्टीसच्या बाजूची म्हणून जमावाने तिला चर्चमध्ये नेऊन खापऱ्यांनी मारलं. याला कसलीच सबब नाही.

ग्रीक गणिती डायोफँटसच्या 'अरिथमेटिका' या अंकगणित-बीजगणिताच्या ग्रंथावर आणि अपोलोनियसच्या शंकुच्छेदांवरच्या, म्हणजे शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांवरच्या ग्रंथावर तिने लिहिलेल्या टीका हरवल्या. पण 'अरिथमेटिका'च्या १३ भागांपैकी ग्रीकमध्ये ६ च उरलेत, आणि पॉल टॅनरी या फ्रेंच अभ्यासकाचा तर्क असा, की तिची टीका पहिल्या ६ भागांवरच होती म्हणून तेवढेच टिकले. हे सिद्ध झालेलं नाही, पण खरं असेल तर पुढे फ्रेंच गणिती फर्माने ज्या पुस्तकाच्या समासात आपलं ते प्रसिद्ध प्रमेय लिहिलं, ते त्याच्या हातात पडण्यात हायपेशियाचाही वाटा होता.