एका रेणूएवढा थर
(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात विज्ञान दिनानिमित्त दिलेलं व्याख्यान, संपादित)

येताना एका अंगणात कापसाचा ढीग दिसला, मूठभर मागून आणला. सरकी काढून तो या ग्लासातल्या पाण्यावर टाकतो. बघा, तरंगतोय. बोटाने दाबला तरी पुन्हा वर येतो. आता हा दवाखान्यातला कापूस. टेकला, भिजला, बुडाला. तंतू दोन्हीकडे सेल्युलोजचाच, आणि सेल्युलोज पाणी चटकन ओढून घेतं. पण शेतातल्या कापसाच्या तंतूवर मेण असतं, वजनाने जेमतेम टक्काभर. दवाखान्याच्या कापसाचं मेण अल्कलीत उकळून काढलेलं असतं. वस्तू आतून काय आहे हे पाण्याला कळतच नाही, त्याची गाठ पडते ती पृष्ठभागाशी.

माझी आजी पावसाळ्यात धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावर पाणी शिंपडायची आणि म्हणायची, ‘पाय, कसा पयते!’ त्या पळणाऱ्या थेंबाने मला या विषयात आणलं. तुमच्यापैकी ज्यांनी फवारणीचा पंप पाठीवर घेतलाय त्यांना हा थेंब चांगलाच ठाऊक आहे. पानावरून औषध ओघळू नये म्हणून आपण त्यात स्टिकर टाकतो. स्टिकरच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पानावरच्या मेणाला, म्हणून थेंब पसरतो.

प्रयोगशाळेत आम्ही निर्वात पेटीत सोन्याची वाफ करून ती काचेवर बसवतो, 100 नॅनोमीटर जाडीची. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. मग ती काच थायॉलच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवतो. थायॉल म्हणजे कार्बनची साखळी आणि टोकाला गंधक. गंधक सोन्याला घट्ट धरतं आणि साखळ्या दाटीने उभ्या राहतात, वाऱ्याने एकाच बाजूला कललेल्या गव्हासारख्या. सकाळी काच धुऊन थेंब ठेवला, की काल पसरणारं पाणी आज मण्यासारखं उभं! हा थर साधारण दोन नॅनोमीटरचा. कापसाच्या एका तंतूच्या जाडीत असे सात-आठ हजार थर मावतील.

एकदा थेंब काही केल्या उभा राहीना. ठिकठिकाणी चिकटायचा. तीन आठवडे मी रसायन बदललं, वेळ बदलली. शेवटी सापडलं ते हातमोज्याच्या बोटाला पडलेली बारीक चीर. बोटाचं तेल सोन्यावर जात होतं. डोळ्यांना न दिसणारं ते तेल थेंबाला मात्र पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

या थरावर दुसरं धातूचं टोक टेकवून आम्ही त्यातून जाणारी वीज मोजतो. साखळीत एकच कार्बन वाढला की प्रवाह साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. एका अणूचा फरक मीटरवर वाचता येतो, यासारखा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. एकटा रेणू डायोडचं काम करू शकेल, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देईल, हे आविराम आणि रॅटनर या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये कागदावर मांडलं होतं. मोबाइलमधल्या सिलिकॉनची जागा हे रेणू उद्याच घेतील, असं मी सांगणार नाही. धातू आणि रेणू भेटतात तो सांधा दर वेळी सारखा जमत नाही, आमची निम्मी मेहनत तिथेच जाते.

आणि इथल्या मुलींना एक आवर्जून सांगायचंय. पाण्यावरचे असे थर मोजण्याची रीत एका स्वयंपाकघरात सापडली. जर्मनीत ब्राउनश्वाइगला अॅग्नेस पोकेल्स राहायच्या. तेव्हा तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. घरची भांडी घासताना तेलकट पाणी बघून त्यांनी पत्र्याचं एक उथळ कुंड केलं, त्यात पट्टी सरकवून तवंग दाबायचा आणि पाण्याचा ताण किती बदलला ते मोजायचं. 1891 मध्ये त्यांनी इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं आणि रॅले यांनी ते ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आणलं. तसंच कुंड पुढे सुधारून अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी वापरलं. पृष्ठभागांवरच्या कामासाठी त्यांना 1932 चं नोबेल मिळालं.

आता या परातीत पाणी आहे, वर पावडर भुरभुरली आहे. तारेच्या टोकाला जवसाच्या तेलाचा थेंब आहे. भिंगातून मोजून घेतलाय, अर्धा मिलिमीटर. पुढे ये, बाळ. तार मधोमध टेकव, हळू. बघा, पावडर कशी मागे सरली! ही पट्टी घे, तो मोकळा गोल मोज आणि आकडा फळ्यावर लिही. थेंबाच्या घनफळाला गोलाच्या क्षेत्रफळाने भागू, म्हणजे थराची जाडी निघेल.